संशयातून निष्ठेकडे : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आज नाताळ. आपल्या आळीतील ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारावर कागदाची चांदणी लागली असेल, आणि दिवाळीला आपल्याकडून गेलेल्या फराळाच्या ताटाची परतफेड म्हणून करंज्या-शंकरपाळ्यांनी भरलेले ताट आपल्या घरीही आले असेल. त्यांच्या देवळात आज सकाळी जी मराठी पदे गायिली गेली, ती पेटी-तबल्याच्या साथीवर दुरून ऐकणाऱ्यास क्षणभर असे वाटावे की, हे एखाद्या विठ्ठलमंदिरातील भजन चालले आहे. अभंगाचा तोच ठेका, आळवणीची तीच आर्तता. यांतील अनेक पदे ज्यांच्या लेखणीतून उतरली, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे पुण्यस्मरण आजच्या या मंगल दिनी करावे, असे आम्हांस वाटले.

टिळकांची कविता आपणांपैकी बहुतेकांनी शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून वाचलेली असते. फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्या कोमल कवितेमागचे जीवन किती खडतर होते, एका निष्ठेसाठी त्यांनी काय काय गमावले, आणि ती निष्ठा त्यांना किती संशयांच्या रानातून वाट काढल्यावर गवसली, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांनी आपला परंपरागत धर्म सोडला, ही गोष्ट आपल्यासारख्या श्रद्धाळू हिंदू घरांना आजही थोडी बोचते. ती बोच आम्ही नाकारीत नाही. तथापि श्रद्धेचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच दुसऱ्याच्या श्रद्धेची पारख करता येते, अशा भावनेने हे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मातेचे छत्र हरपले

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात नारायणाचा जन्म झाला. वडील वामनराव स्वभावाने तापट व करडे. आई जानकीबाई मात्र मृदू, भाविक आणि काव्याची आवड असलेली. नारायणाच्या मनात भक्तीचे आणि कवितेचे बीज पडले ते या माउलीकडून. परंतु मुलगा जाणता होण्यापूर्वीच ती गेली. घरातला ओलावा गेल्यावर मुलाचे मन घरात रमेना. लहान वयातच तो घराबाहेर पडला आणि भटकत भटकत नाशिकास आला.

गोदावरीच्या काठी त्याला विद्येचा आश्रय मिळाला. गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानांपाशी बसून त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पाठांतर विलक्षण, वाणी रसाळ आणि कल्पना तरल. कीर्तन-पुराण सांगावे, सभेत वाद करावा, उभ्या उभ्या श्लोक रचावे, असे हे तरुण शास्त्रीबुवा पाहता पाहता लोकांच्या नजरेत भरले. १८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी झाला. माहेरची मनकर्णिका सासरी लक्ष्मी झाली. तिच्या माहेरी सोवळ्याचा कडकपणा असा की, घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून आत घ्यायचा नाही. या मुलीच्या वाट्याला पुढे काय वाढून ठेवले आहे, याची त्या मांडवात कोणाला कल्पना असणार!

शंकांचे रान

टिळकांचा संसार म्हणजे एक अखंड प्रवास होता. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक, परवा कोठे लेखक. हाती आलेला पैसा सायंकाळपर्यंत टिकत नसे. समोर गरजू दिसला की, खिसा रिकामा होई. बाजारात पाठविले तर घरात लागणारी वस्तू विसरून भलतेच काही घेऊन येत. लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलेल्या आत्मकथेत या तऱ्हा इतक्या हसतखेळत सांगितल्या आहेत की, त्या हसण्यामागचे अश्रू पटकन दिसत नाहीत.

परंतु या बाह्य भटकंतीहून मोठी भटकंती त्यांच्या अंतरंगात चालली होती. नागपूरला असताना श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांना मिळाले. ‘ऋषी’ नावाचे धर्मचर्चेचे मासिकही त्यांनी काही काळ चालविले. ग्रंथ जसजसे अधिक वाचले, तसतशा शंका वाढत गेल्या. ज्या देशात अद्वैताचे एवढे उदात्त तत्त्वज्ञान जन्मले, तेथे माणसाच्या सावलीचाही विटाळ का व्हावा? ईश्वर जर दयाघन पिता असेल, तर त्याच्या लेकरांत ही उतरंड कोणी रचली? पूर्वजन्मीचे संचित म्हणून दुःखिताच्या दुःखाकडे पाठ फिरविता येते काय? अशा प्रश्नांनी त्यांची झोप उडे. देशावर त्यांचे निरतिशय प्रेम होते आणि देशाच्या अधोगतीचे मूळ जातिभेदात व धर्माच्या विपर्यासात आहे, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले. एक वेळ तर अशी आली की, सर्व धर्मांतील सार घेऊन आपणच एक नवा धर्म काढावा, असे मनोराज्य ते करू लागले.

शंका घेणे हे पाप आहे, असे आपली परंपरा मानीत नाही. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसलेला नचिकेता प्रश्नच तर विचारीत होता. गीतेचा उगम अर्जुनाच्या शंकेत आहे. परंतु त्याच गीतेने असेही बजावले आहे की, जो संशयातच रमून बसतो, त्याला इहलोकीही सुख नाही आणि परलोकीही नाही. शंका हा रस्ता आहे, मुक्काम नव्हे. टिळक या रस्त्यावर सुमारे दहा वर्षे होते, आणि मुक्काम कोठे आहे, हे त्यांना दिसत नव्हते.

आगगाडीतील भेट

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावच्या संस्थानात नोकरीसाठी आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. साहेब आपल्याला उठवील किंवा तिरस्काराने वागवील, अशी शंका त्या काळच्या कोणाही हिंदी माणसाच्या मनात येणे स्वाभाविकच होते. पण या गृहस्थाने सौजन्याने जागा करून दिली आणि संस्कृत काव्याविषयी गोष्टी सुरू केल्या. बोलता बोलता विषय धर्मावर आला. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून तो निघून गेला. टिळकांना त्या भाकिताचे हसू आले. पण दिलेला शब्द पाळायचा, म्हणून त्यांनी पुस्तक उघडले.

प्रारंभीची पाने त्यांना नीरस वाटली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायापाशी मात्र ते थबकले. ख्रिस्ताने डोंगरावर बसून लोकांना केलेला तो उपदेश. शत्रूवरही प्रेम करा, उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू देऊ नका, जे अंतःकरणाने शुद्ध त्यांनाच देव दिसेल, अशा आशयाचे ते तीन अध्याय. आपल्या कित्येक प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी, इतक्या साध्या भाषेत प्रथमच भेटली, असे त्यांना वाटले. पुस्तक खाली ठेववेना.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. या अनोळखी आवाजात टिळकांना अनोळखी असे काही वाटले नाही, याचे कारण तुकोबा होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. देवाला मायबाप म्हणून हाक मारणे, आपल्या पतितपणाची कबुली देणे, नामाला घट्ट बिलगणे, हे सारे त्यांना देहूने शिकविले होते. ज्या पुलावरून आलो, तो पूल त्यांनी मागे वळून कधी मोडला नाही.

निश्चयाची किंमत

मन पटले म्हणून पाऊल लगेच उचलले जाते, असे नाही. टिळकांची दोन वर्षे घालमेलीत गेली. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. आपला कल कळला तर घर, जात, नोकरी, सर्व जाईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. आणि ज्या एका माणसाला हे आधी सांगायला हवे होते, त्या पत्नीला ते पुरतेपणी सांगू शकले नाहीत. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्याने हा दोष झाकू नये. स्वतःच्या संशयाशी झुंजताना आपल्याबरोबर आणखी एक जीव बांधलेला आहे, याचे भान त्यांना हवे तेवढे राहिले नाही.

१० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून त्यांनी घेतला. ख्रिस्ताला शरण जाताना इंग्रजाला शरण जात नाही, हे त्यांना स्वतःला आणि जगाला दाखवायचे होते. योगायोग पाहा, तेथेही दीक्षा देणाऱ्याचे नाव तुकारामच निघाले!

वार्ता पसरताच आप्तांवर जणू वीज कोसळली. त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणी मरण असे. आप्तेष्टांनी संबंध तोडले, परिचितांनी तोंडे फिरविली, आणि पैशासाठी धर्म विकला, असे बोल ऐकू येऊ लागले. लक्ष्मीबाईंची अवस्था तर शब्दांपलीकडची होती. नवरा जिवंत असून त्यांच्या वाट्याला वैधव्याहून विचित्र जिणे आले. कपाळी कुंकू होते आणि ते ज्याच्या नावाचे, त्याच्या हातचे पाणीही चालत नव्हते. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या आप्तांच्या आधाराने राहिल्या. त्यांतला बराच काळ पंढरपुरात गेला. चंद्रभागेच्या काठी रोज हजारो माणसे विठोबाला सुखदुःख सांगत होती. या मुलीचेही गाऱ्हाणे त्यांतच मिसळून गेले असेल.

प्रतीक्षेची चार वर्षे

खरी कसोटी येथे सुरू होते. बाप्तिस्म्याचा दिवस हा एका क्षणाच्या धैर्याचा होता. त्यानंतरची चार-साडेचार वर्षे मात्र रोजच्या रोज नव्याने तोलली जाणारी निष्ठा होती. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवू लागले होते. विद्यालयाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा त्यांच्यावर लोभ होता. पण सायंकाळी परत यायचे ते रिकाम्या खोलीत. आपण सत्याच्या मागे लागून एका निरपराध स्त्रीचा संसार उधळला की काय, हा प्रश्न त्या खोलीत त्यांची वाट पाहत बसलेला असे. आधीचे संशय ग्रंथांतले होते. हा संशय काळजाचा होता.

परत फिरण्याचा मार्ग अगदीच बंद होता, असे नाही. प्रायश्चित्त घेऊन जातीत यावे, असा आग्रह आप्तांकडून होत होता. दुसरीकडचा मार्गही मोकळा होता. १८६६ सालच्या कायद्यान्वये, धर्मांतर केलेल्या मनुष्याबरोबर राहण्यास जोडीदार नकार देत असेल, तर न्यायालयाकडून विवाह रद्द करवून दुसरा संसार थाटता येत असे. टिळकांनी दोन्ही वाटा नाकारल्या. ख्रिस्ताला सोडणे नाही आणि पत्नीलाही सोडणे नाही. ते पत्रे लिहीत राहिले, पत्रांतून कविता पाठवीत राहिले, भेटी घेत राहिले. शिव्याशाप ऐकूनही त्यांनी सासरच्या माणसांविषयी कडू शब्द काढला नाही. शत्रूवर प्रेम करण्याच्या ज्या उपदेशाने त्यांना जिंकले होते, तो आता आचरून दाखविण्याची पाळी त्यांच्यावर आली होती.

निष्ठा म्हणजे आरडाओरडा नव्हे. ज्याला आपल्या सत्याविषयी खात्री असते, त्याला घाई नसते. टिळक एरवी विलक्षण उतावळे गृहस्थ. त्यांच्या संतापाच्या कहाण्याही कमी नाहीत. पण या एका बाबतीत त्यांनी दाखविलेली सबुरी त्यांच्या मूळ स्वभावातली नव्हती. ती त्यांच्या श्रद्धेने त्यांना दिलेली देणगी होती, असेच म्हणावे लागते.

अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या. आल्या, त्या आपला धर्म घेऊन. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे जसेच्या तसे. ख्रिस्ती माणसाच्या संसारात ब्राह्मणी स्वयंपाकघर चालू राहिले आणि टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. तू माझ्याकडे ये, माझ्या धर्मात ये, असा सौदा त्यांनी केला नाही.

पुढे राहुरीस असताना एका रात्री लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचे काहूर उठले. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर माणसामाणसांच्या शरीरांत फरक का नाही? पशुपक्ष्यांप्रमाणे जातीजातींची रूपे वेगळी का नाहीत? रात्र सरली तेव्हा निर्णय झालेला होता. यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी आपल्याला वर्ज्य नाही. माहेरी जिन्नस धुवून घेण्याचे संस्कार झालेल्या त्या स्त्रीने आपल्या मनातली ती गाठ स्वतःच्या हातांनी सोडविली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे संशय ग्रंथांनी जागविले होते आणि ग्रंथानेच शमविले. लक्ष्मीबाईंचे संशय चुलीपाशी, पाणवठ्यापाशी जन्मले आणि तेथेच विरघळले. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या. कोणी कोणाला ओढत नेले नाही.

मराठी देवळात मराठी देव

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. परंतु पदवी इंग्रजी असली, तरी माणूस मराठीच राहिला. मिशनच्या देवळांतून विलायती चालींची भाषांतरित गीते चालत. ती ऐकून टिळकांचा जीव कासावीस होई. ज्या देशात ज्ञानोबा-तुकोबांनी भक्तीची भाषा घडविली, तेथे देवाला परक्या सुरात का आळवावे? त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, आरत्या लिहिल्या, ख्रिस्ती कीर्तने केली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत. ‘अभंगांजली’तील रचना वाचताना तर बोलणारा भक्त ख्रिस्ताचा आहे की पांडुरंगाचा, असा प्रश्न पडावा. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी १९१२ पासून सांभाळले.

त्यांच्या श्रद्धेला कुंपण नव्हते, याची साक्ष महाराष्ट्राच्या काव्येतिहासातच आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते आणि संमेलन घडवून आणण्यात टिळकांचा पुढाकार होता. तेथे सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने सभा जिंकून घेतली. तोच त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपला बालकवी. टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी आणले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले. बालकवी त्या ख्रिस्ती घरात राहिले, जेवले, लिहिते झाले, आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ज्याचा स्वतःचा पाय घट्ट रोवलेला असतो, त्याला दुसऱ्याचा पाय उखडण्याची गरज वाटत नाही.

‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ या त्यांच्या कवितांनी त्या काळचा वाचक हेलावून गेला. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरील त्यांची कविता पाठ नाही, असा जुन्या पिढीतला मराठी माणूस विरळा. हा करुणेचा झरा एका धर्माच्या मालकीचा नव्हता.

देवाचा दरबार

आता टिळकांच्या आयुष्यातील अखेरचे आणि आमच्या मते सर्वांत उत्कट पर्व येते. सामान्य माणूस एकदा निर्णय घेतो आणि त्यावर उर्वरित आयुष्य निवांत काढतो. टिळकांना तसे निवांतपण मानवले नाही. ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास वर्षागणिक गाढ होत गेला. पण ख्रिस्ताच्या नावाने उभारलेल्या संस्थांविषयी त्यांच्या मनात प्रश्न उठू लागले. परदेशी पैशावर चालणारा धर्म या मातीत रुजेल काय? हिंदी ख्रिस्ती मनुष्य आपल्याच देशबांधवांपासून का तुटला? पगारी नोकर राहून देवाची चाकरी पुरती होते काय? तारुण्यातल्या शंकांनी त्यांना घराबाहेर काढले होते. या नव्या शंकांनी त्यांना पुन्हा एकदा उंबरठ्यावर आणून उभे केले.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारली. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही या दरबारात मज्जाव नव्हता, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. आश्रम, गुरू, शिष्य, भजन, संन्यास ही सारी भाषा त्यांनी आपल्या मूळच्या घरातून आणली होती. कित्येक मिशनऱ्यांना हे रुचले नाही, आणि हिंदूंना ते पूर्वीपासूनच परके झाले होते. दोन्ही तीरांवरून बोलणी खात हा मनुष्य मधल्या प्रवाहात उभा होता. मनात धास्ती असती, तर तो कोणत्या तरी एका काठाला लागला असता. पण त्यांचा भरवसा संस्थेवर, पगारावर किंवा लोकांच्या मान्यतेवर उभाच नव्हता. म्हणून ते सारे सुटले तरी भरवसा सुटला नाही.

दरबाराला आयुष्य थोडेच लाभले. ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वे-अपघातात गेले. मुलासारखा वाढविलेला कवी असा अकाली जाणे, हा या दांपत्यावर मोठा आघात होता. त्यानंतर एका वर्षाने टिळकांची प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती समाजात दफनाची चाल असताना या पाळकाने आपल्या पूर्वजांप्रमाणे अग्निसंस्कार मागितला, आणि त्याप्रमाणे तो झाला. त्यांच्या अस्थींना नगरच्या भूमीत विसावा मिळाला.

अपुऱ्या ग्रंथाची पूर्ती

टिळकांच्या मागे एक मोठे काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत सांगणारा ‘ख्रिस्तायन’ नावाचा ग्रंथ त्यांनी १९०९ साली आरंभिला होता. रामायणाच्या धर्तीवर मराठी घराघरांत वाचला जावा, असा तो ग्रंथ व्हावा, ही त्यांची आस. दहा-अकरा अध्याय झाले आणि कवी गेला.

तो ग्रंथ पुढे नेला लक्ष्मीबाईंनी. ज्यांना नवऱ्याने हट्टाने बसवून लिहावाचावयास शिकविले, ज्यांनी त्याच्या धर्मांतराच्या वार्तेने टाहो फोडला, ज्या एकेकाळी त्याच्या हातचे पाणी घेत नव्हत्या, त्या लक्ष्मीबाई. त्यांनी ६४ अध्याय रचून ते कार्य जवळजवळ तडीस नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंढरपुरात आईबरोबर आश्रिताचे दिवस काढणारा तो दत्तू हाच. लक्ष्मीबाईंनी आपल्या अखेरच्या वर्षांत सांगितलेली ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा तर मराठी भाषेचे एक लेणेच ठरली. आणि टिळकांशी पत्रव्यवहार करणाऱ्या डॉ. ॲबटांनी उतारवयात एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांची वाणी इंग्रजीत नेण्यास स्वतःला वाहून घेतले. पूल एकाच दिशेने जाण्यासाठी नसतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

वाचकहो, टिळकांनी जो मार्ग धरला, तो आपण धरावा, असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. आपापल्या देवघरातली समई आपापल्या ठिकाणी तेवत राहो. पण आज आपल्याही घराघरांत शंका शिरल्या आहेत. शिकलेला मुलगा पूजेला बसत नाही, सुनेला व्रतांचा अर्थ हवा असतो, आणि वडीलधारी माणसे प्रश्न ऐकताच रागावतात. त्या रागाने श्रद्धा वाचत नाही. टिळकांचे चरित्र आपल्याला एवढेच सांगते की, प्रश्न प्रामाणिक असेल, तर त्याला भिऊ नये. उत्तर मिळाले, तर त्याची किंमत स्वतः मोजावी आणि ती दुसऱ्याच्या माथी मारू नये. मारली गेलीच, तर ती भरून काढण्यासाठी वाटेल तितकी वर्षे थांबावे. आणि ज्या अंगणातून आपण निघालो, त्या अंगणाविषयी अपशब्द काढू नये.

आज सायंकाळी शेजारच्या घरातून मराठी ख्रिस्ती पदाचे सूर ऐकू आले, तर क्षणभर थांबून ऐकावे. तो अभंग आपल्याच तुकोबांच्या घराण्यातला आहे. आणि करंज्यांचे ताट परत पाठविताना ते रिकामे जाऊ नये, साखरेची चिमूट तरी त्यात असावी, ही आपली जुनी रीत आहेच.